सूचना : प्रचारकार्यासाठी महाविद्यालयातून रजा घेणाऱ्या सभासदांस

इंदूर येथील आपल्या मंडळाच्या विद्यार्थी सभासदांस कळविण्यात येते की, निवडणूक प्रचाराच्या कामासाठी ज्यांना महाविद्यालयातून रजा घ्यावयाची आहे, त्यांनी प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच स्वतःजवळ ठेवावी. 1989 पासून मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. तेव्हा या वयात राजकारण जवळून पाहावे, असेच आम्हांस मनापासून वाटते, मग पक्ष कोणताही असो. मात्र परीक्षेस बसण्यासाठी सर्वसाधारणपणे 75 टक्के हजेरी लागते. मागील प्रचारात आपल्यातील एक मुलगा राजवाड्याजवळच्या प्रचार कार्यालयात मतदारयाद्यांच्या गठ्ठ्यावर डोके टेकून झोपत असे, घरोघर चिठ्ठ्या वाटून त्याच्या पायांना फोड आले होते, आणि त्याच आठवड्यात त्याची प्रात्यक्षिक परीक्षा हुकली; नंतर त्याची विचारपूस करावयासही कोणी आले नाही, याचे आम्हांस आजही वाईट वाटते. म्हणून राहणे, जेवण आणि प्रवासखर्च यांविषयी कामास लागण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत जाहीर सभा व मिरवणुकांस कायद्याने बंदी असते. तेव्हा बोलावणे आले तरी जाऊ नये. अर्जाची एक प्रत येत्या शनिवारपर्यंत कार्यवाहांकडे द्यावी, म्हणजे बुडालेल्या तासांच्या वह्या मिळवून देण्याची व्यवस्था करता येईल.