पाळकसाहेब, त्या एका पानासाठी आभार

आदरणीय पाळकसाहेब,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आभार मानायचे आहेत ते तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीसाठी लिहून दिलेल्या त्या एका पानाबद्दल. ‘राजकारणावर बोलताना’ एवढंच त्याचं शीर्षक. मत कुणाला द्यावं यावर त्यात एक ओळही नाही. वाद नेमका कोणत्या थरावरचा आहे ते आधी ठरवा, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय, आणि बाकीचं पान त्यातूनच निघतं.

थर तीन. पहिला वचनाचा, म्हणजे बायबल काय सांगतं त्याचा : गरिबाला न्याय, खोटी साक्ष नको, परक्याला आसरा. दुसरा परिस्थितीच्या वाचनाचा : अमुक करामुळे गरिबाचं भलं होईल की त्याच्याच पोटावर पाय येईल? तिसरा उपायाचा : कोणता कायदा, कोणता पक्ष, कोणता उमेदवार. दोन विश्वासणारे पहिल्या थरावर एकमत असतात, तिसऱ्यावर भांडतात आणि एकमेकांना ‘वचन न मानणारा’ ठरवून मोकळे होतात. म्हणून तिसऱ्या थरावरचा मतभेद पहिल्याचा म्हणून खपवायचा नाही. पण तुम्ही उलट बाजूही लिहिलीत, ती फार कमी लोक लिहितात : एखाद्या समाजाला माणसातून उठवणं हा पहिल्या थरावरचा प्रश्न आहे, आणि तिथे ‘मतं वेगळी असू शकतात’ म्हणून अंग काढून घेता येत नाही.

रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय एकटा वाचू नका, हेही तुमचंच. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. पौलाने ते पत्र सलग लिहिलं, साधारण इ. स. ५७ च्या सुमारास, रोमन सम्राट नीरोच्या राज्यात. १२ व्या अध्यायाच्या शेवटी सूड घेऊ नका, १३:८ मध्ये प्रीतीखेरीज कुणाचं देणं ठेवू नका, आणि या दोहोंच्या मधोमध अधिकाऱ्यांच्या अधीन राहणं. लगेच १४ व्या अध्यायात खाण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भांडणारे सबळ-दुर्बळ एकाच मंडळीत बसलेले. नुसता १३:१ हातात धरला की तो सत्तेत कोण आहे त्याप्रमाणे कधी आठवतो, कधी विसरतो. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ या प्रेषितांची कृत्ये ५:२९ चंही तेच, फक्त उलट क्रमाने.

कैसराच्या कराचा प्रसंगही तुम्ही जवळून दाखवलात. रोमन सम्राटाला, कैसराला, कर द्यावा की नाही, हा प्रश्न विचारायला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद राजघराण्याच्या बाजूचे) एकत्र आले होते, एरवी ज्यांचं जमायचं नाही असे. येशू स्वतःच्या जवळचं नाणं काढत नाही, त्यांच्याकडून मागवतो. ते चांदीचं दिनार, बहुधा तेव्हाचा सम्राट तिबिर्य याचं, जेमतेम पावणेचार ग्रॅमचं. वर सम्राटाचा मुखवटा आणि ‘दैवी औगुस्ताचा पुत्र’ असा लेख. असलं नाणं मंदिराच्या आवारात त्यांच्याच जवळ निघालं. मुखवटा ज्याचा, त्याला नाणं द्या. मग देवाची प्रतिमा कशावर आहे, ते उत्पत्ती १:२७ उघडून बघा. धर्म वेगळा आणि राजकारण वेगळं, एवढ्यावर ते उत्तर मिटत नाही.

अंब्रोझचं उदाहरण तुम्ही दोन्ही बाजूंनी दिलंत, हे विशेष. ३९० साली थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने कत्तल झाली. मिलानच्या या बिशपाने त्याला आधी स्वतःच्या हाताने खासगी पत्र लिहिलं, फक्त त्याने वाचावं म्हणून, आणि पश्चात्तापाशिवाय सहभागिता (प्रभुभोजनात वाटा) नाही असं ठरवलं. मत्तय १८:१५ चा क्रम, चुकलेल्याला आधी एकांतात सांगण्याचा, जवळजवळ तसाच. पण दोनच वर्षं आधी, ३८८ साली, कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचं सभास्थान जाळलं. ते बांधून देण्याचा सम्राटाचा हुकूम याच अंब्रोझने मागे घ्यायला लावला. माणूस तोच, हत्यार तेच : धर्मपदाचा दबाव. हिटलरच्या राजवटीत जर्मन ख्रिस्ती मंडळ्यांनी काढलेल्या १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याचंही असंच : सहा कलमं, पाचव्यात राज्याने मंडळीचं काम बळकावू नये आणि मंडळीने राज्याचं अंग होऊ नये हे स्पष्ट, पण यहुद्यांबद्दल एक शब्द नाही.

आता राजकारणावर बोलायच्या बैठकीचे नियम. दीड तास, पंधराहून जास्त माणसं नकोत, प्रभुभोजनाच्या रविवारी नको. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. सगळं बिघडतं ते इथेच. ‘म्हणजे तुमचं म्हणणं, गरीब मेले तरी चालतील’ असा सारांश निघतो. म्हणून वाक्याची सुरुवात ‘म्हणजे’ने झाली की चालवणाऱ्याने हात वर करायचा, हा तुमचा नियम लहान दिसतो, पण सगळ्यांत कामाचा तोच. शेवटची प्रार्थना त्या दिवशी न बोललेल्याने करायची. नाहीतर ‘प्रभो, काही जणांचे डोळे उघड’ अशी डोळे मिटून केलेली टोमणेबाजी ऐकावी लागते.

व्यासपीठावरून प्रश्नाचं नाव घ्यायचं, पक्षाचं नाही. १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे प्रार्थना सगळ्या अधिकाऱ्यांसाठी, पदाचा उल्लेख करून. आपल्याला न आवडणारा निवडून आला तरी यादी तीच. उमेदवार उपासनेला आला तर बसायला जागा द्यायची, माइक द्यायचा नाही. पक्षात पद घेणाऱ्या वडिलांनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी) तेवढ्या काळापुरतं मंडळीतलं पद सोडायचं. बाकावरची जागा मात्र त्यांचीच.

एक ओळ आम्ही तुमच्या पानाखाली पेनने वाढवली आहे : मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर उपासनेची वेळ, प्रार्थनेच्या विनंत्या आणि अंत्यविधीच्या सूचना, एवढंच. आलेला निरोप पुढे ढकलणाऱ्याला ‘म्हणजे’ म्हणावंच लागत नाही, त्यामुळे तिथे हात वर करायला जागाच नसते. तुम्हाला पटत नसेल तर कळवा, खोडू.

ख्रिस्तात आपले,
अभ्यासवर्गातले भाऊबहीण