आंबिल ओढ्याचा हिशेब उगमापासून संगमापर्यंत मांडा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,

स.न.वि.वि.

अंदाजपत्रक जवळ आले की पावसाळी गटारांसाठी इतके कोटी, नालेसफाईसाठी इतके, सीमाभिंतींसाठी इतके, अशी आकडेमोड सुरू होते. रकमा कमी की जास्त, हा या पत्राचा विषय नाही. त्या वाटायच्या कशा, हा आहे. वर्षानुवर्षे हा पैसा क्षेत्रीय कार्यालयांनुसार, प्रभागांनुसार आणि बऱ्याचदा नगरसेवकांच्या 'स' यादीतून (म्हणजे त्यांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतून) सुटा सुटा खर्च होत आला आहे.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा मुठेला मिळतो. वरच्या भागात पात्र भिंतींनी आवळले की पाण्याचा वेग वाढतो. खालच्या पुलाची मोरी मात्र होती तेवढीच राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात धो धो पाऊस झाला, तेव्हा टांगेवाले कॉलनी आणि अरण्येश्वरच्या लोकांनी हे भोगले. पुणे परिसरात २० हून अधिक माणसे गेली. नंतर पडलेल्या भिंती पुन्हा बांधणे, पूल रुंद करणे असली कामे निघाली. ती हवीतच. पण पाणी जिथून येते त्या डोंगरउताराकडे त्या हिशेबात कुणी पाहिले का? जून २०१३ मध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत डोंगर फोडून ओढ्याची वाट अडवल्यामुळे मायलेकी वाहून गेल्या होत्या. ती हद्द पालिकेची नव्हती, हे खरे. म्हणूनच वन विभाग, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जिल्हा प्रशासन यांना एका टेबलाशी बसवायला हवे, आणि ते निमंत्रण आपल्याकडून जायला हवे.

या शहराला हे नवे नाही. पेशवाईत कात्रजला तळे बांधून तिथले पाणी दगडी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते आणि आंबिल ओढ्याचा प्रवाहही वळवला होता. त्या काळाचे गोडवे गायला मी हे लिहीत नाही. तेव्हा गाव केवढेसे होते! पण तळे, ओढा आणि वस्ती यांचा विचार तेव्हा एकत्र झाला होता.

पैसा नाही, असे उत्तर निदान अर्धे तरी लटके आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातल्या सात मोठ्या शहरांना शहरी पुराशी सामना करण्यासाठी २,५०० कोटींची शिफारस केली, त्यात पुण्याच्या वाट्याचे २५० कोटी होते. इकडे नदीकाठ सुधार योजनेचा खर्च हजारो कोटींचा. नदीकाठ देखणा करताना नदीत येणाऱ्या ओढ्यांना तुलनेने किती मिळाले, याचा तक्ता जाहीर करावा. त्या २५० कोटींपैकी कोणत्या ओढ्यावर, कोणत्या ठिकाणी, किती खर्च झाला, हेही त्यात यावे.

दुसरी गोष्ट देखभालीची. पावसाळी गटार बांधले की फीत कापली जाते, मग मे महिन्यात निविदा निघते, जूनमध्ये गाळ काढून काठावरच टाकला जातो आणि पहिल्याच सरीत तो परत आत. डांबराच्या थरांखाली चेंबरच्या जाळ्या गाडल्या जातात. सिमेंटच्या रस्त्यांनी गल्ल्यांची पातळी इतकी वर नेली आहे की जुन्या सोसायट्यांचे तळमजले आता खड्ड्यात आहेत. पथ विभाग रस्ता उंचावतो आणि मलनिस्सारण विभाग पाणी उपसतो. दोन्ही बिले पालिकाच भरते! पातळीचा सर्व्हे आणि पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा जोडल्याशिवाय एकाही काँक्रिटीकरणाला मंजुरी देऊ नये.

तेव्हा येत्या अंदाजपत्रकात एवढे करावे: निदान आंबिल ओढ्यासाठी उगमापासून संगमापर्यंत एकच लेखाशीर्ष (खर्चाचे खाते), त्यावर एकच जबाबदार अभियंता आणि बांधकामाच्या रकमेतूनच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद. हे जमले तर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, त्यांच्या ओढ्यांनाही हीच पद्धत लावता येईल. तिथे अजून पुष्कळ पात्रे मोकळी आहेत. बांधकाम परवानगीच्या वेळी ती नकाशावर ओढा म्हणूनच दाखवली जातील, असे लेखी आदेश आजच काढता येतील. त्याला एक रुपयाही लागत नाही.

कळावे,
आपला,
एक पुणेकर करदाता