महसूलमंत्र्यांना खुले पत्र : तीस लाखांच्या घरावर आठ टक्के, दहा कोटींच्या घरावर सहा

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या घरांच्या दस्तनोंदणीचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात आणि ते वाचून बरे वाटते. २०२० साली शहर आणि उपनगरांत मिळून वर्षभरात ६५ हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले. २०२४ मध्ये ते १ लाख ४० हजारांच्या वर गेले. नोटाबंदीपासून बाजार मंदावला होता, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था बुडाल्यावर बिल्डरांना मिळणारे कर्ज आटले आणि त्यातच लॉकडाऊन आले. तेव्हा सप्टेंबर २०२० पासून सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी, पुढे मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी उतरवले. त्या एका डिसेंबरात मुंबईत १९ हजारांवर दस्त झाले. गृहकर्जही तेव्हा स्वस्त होते, पण लोकांना घराबाहेर काढले ते या सवलतीने. त्याचे श्रेय शासनाला द्यायलाच हवे.

मी ठाण्यात राहतो. इथे घर शोधणारा माणूस बहुधा मुंबईतली किंमत झेपत नाही म्हणून आलेला असतो. समजा, त्याने ३० लाखांचा वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, पाहिला. त्याला मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते : मूळ ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १ आणि एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा १. म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे आणखी ३० हजार. एकूण २ लाख ४० हजार, किमतीच्या बरोबर ८ टक्के.

आता मलबार हिलवरचा १० कोटींचा फ्लॅट घ्या. मुंबईत शुल्क ६ टक्के आहे, कारण स्थानिक संस्थेचा अधिभार तिथे नाही. आणि नोंदणी फीला कमाल मर्यादा आहे ३० हजारांची! वन आरकेवाल्याने भरली तेवढीच. सगळे मिळून ६ टक्क्यांच्या किंचित वर. घर बाईच्या नावावर असेल तर दोन्हीकडे एक टक्का कमी होतो, पण अंतर तेवढेच राहते.

साहेब, हे न्याय्य नाही. दहा लाखांपुढच्या घराला बँक हा खर्च कर्जात धरत नाही. तो रोख भरावा लागतो, डाउन पेमेंट जमवून हात रिकामे झाल्यानंतर. किती घरांत त्यासाठी दागिने मोडले जातात, पीएफ काढला जातो, हे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसले तरी कळेल.

म्हणून विनंती आहे की पहिले घर घेणाऱ्याला, जीएसटीने परवडणाऱ्या घरासाठी ठरवलेल्या ४५ लाखांच्या मर्यादेपर्यंत, दोन्ही अधिभार माफ करावेत. (ही मर्यादाही २०१९ पासून हललेली नाही, पण तो विषय दिल्लीचा.) तिजोरीत येणारी तूट काही अंशी भरून काढायला ३० हजारांची कमाल मर्यादा महागड्या घरांसाठी उठवावी. दहा कोटींच्या घरावर अर्धा टक्का फी लावली तरी ५ लाख होतात, आणि तो खरेदीदार त्यापायी व्यवहार मोडणार नाही.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. प्रत्येक दस्ताच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या सारांशपत्रावर, घराचे क्षेत्रफळ आणि किंमत नोंदलेली असते. म्हणजे कोणत्या आकाराची, कोणत्या किमतीची किती घरे विकली गेली, हे आपल्या विभागाला आजही सांगता येईल. ते दर महिन्याला जिल्हावार आणि किंमतगटानुसार जाहीर करा. महसूल वाढला एवढ्यावरून बाजार सावरला असे म्हणता येत नाही. पाच आलिशान फ्लॅट विकले तरी शंभर वन आरकेंएवढे शुल्क जमा होते. ३० लाखांच्या घरांची नोंदणी वाढते आहे की घटते आहे, हे येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावे.

आपला,
ठाण्यातील एक रहिवासी