बर्फवाले काका उभे राहिलेत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्याकडं आमदारकीला कोण उभं आहे?" आणि तेवढ्यात लाईन गेली. बरंच झालं. हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधली वाक्यं गाळू नका. तिला कळतं.

आमच्या भागातून बर्फवाले काका उभे राहिलेत. आई, तू दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आली होतीस तेव्हा पहाटे पाचला घरघर ऐकून दचकली होतीस, आठवतं? पिकअपला पुढे फाळ लावून आमच्या दारातला बर्फ ढकलणारे ते हेच. त्यांचा बॉयलर-हीटिंगचा धंदा होता, आता मुलानं घेतलाय. वय सत्तरीच्या पुढे. पक्ष रिपब्लिकन. आपल्याकडचे पेपर अशा माणसाला 'पुराणमतवादी' म्हणतील. पण तो शब्द वाचला की मला सोवळं-ओवळं आणि चुलीजवळ कोणी जायचं तेच आठवतं. काकांचं तसलं काही नाही. सरकारनं कर कमी घ्यावेत, बंदुकीला हात लावू नये, मुलांनी काय शिकायचं ते आई-बापांनी ठरवावं, आणि चालू असलेली गोष्ट उगाच मोडू नये, एवढंच. शेवटचं वाक्य तर बाबा, तुमच्या तोंडचं वाटतं.

अमेरिकेतल्या या न्यू हॅम्पशर राज्याचा कारभार तुम्हाला गमतीचा वाटेल. विधिमंडळाला इथं 'जनरल कोर्ट' म्हणतात. खालच्या सभागृहात सदस्य किती? 400. आणि राज्याची लोकसंख्या सारी चौदा लाख. आपल्या सव्वाअकरा कोटींना (तीही 2011 ची जनगणना) 288 आमदार, आणि इथं साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक! पगार वर्षाला 100 डॉलर. 1889 मध्ये ठरला, तो तसाच आहे. जाण्यायेण्याचा खर्च तेवढा वेगळा मिळतो. काकांनी गेल्या आठवड्यात टाउन क्लार्कच्या खिडकीवर जाऊन अर्ज भरला. फी दोन डॉलर. आपल्याकडे विधानसभेला अनामतच दहा हजारांची. मी हसले तेव्हा ते म्हणाले, "जिंकलो तरी डिझेलला पुरणार नाहीत."

ऐकायला फार छान वाटतं, पण यात एक मेख आहे. 100 डॉलरवर आमदारकी कोणाला परवडते? पेन्शनर, पैसेवाले, नाहीतर एखादा कॉलेजातला पोरगा. माझ्यासारखी नऊ ते सहा नोकरी करणारी, दोन पोरांना डबे भरणारी बाई तिथं जाऊन बसू शकत नाही.

तर रविवारी दुपारी काका दारात. हातात क्लिपबोर्ड, काखेत लोखंडी तारेवर चढवलेला प्रचाराचा फलक. बर्फ काढायला येणारा माणूस, कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आमचं चपलांचं स्टँड बघून बूट काढायला खाली वाकले, आणि गुडघा धरून तसेच थांबले. मी स्टूल दिलं. एका बुटाची नाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, पंचायतीच्या मतदानाहून परत आलेले, पायरीवर बसून बूट काढणारे.

मी थालीपीठ लावलं होतं. त्यांनी लोणी नको म्हटलं, मग दोनदा घेतलं.

मी घरपट्टीवरच सुरुवात केली, कारण इथलं सगळं राजकारण तिथं येऊन थांबतं. या राज्यात पगारावर कर नाही, विक्रीकर नाही. व्याज-डिव्हिडंडवर होता, तोही 2025 पासून गेला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले लोक टीव्ही घ्यायला इकडे येतात ते त्यासाठी. मग शाळा कशावर चालते? बहुतांशी घरपट्टीवर. वर्षातून दोनदा बिल येतं आणि ते बघून तुमचा जावई दोन दिवस कोणाशी बोलत नाही. ज्या गावात तळ्याकाठी श्रीमंतांची घरं, तिथं पट्टीचा दर कमी आणि शाळा झकास. गिरण्या बंद पडलेल्या क्लेअरमाँटसारख्या गावात दर जास्त आणि शाळेला पैसा कमी. त्याच गावानं राज्याला कोर्टात खेचलं, 1993 आणि 1997 मध्ये जिंकलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मुलांना पुरेसं शिक्षण देणं आणि त्याचा पैसा उभा करणं ही राज्याची जबाबदारी आहे. तरी भांडण मिटलेलं नाही. गेल्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, त्याच न्यायालयानं पुन्हा म्हटलं की राज्य देतंय ते अपुरं आहे, एका मुलामागे किमान 7,356 डॉलर हवेत. पण इथं निवडणुकीला उभं राहायचं तर नवा आयकर-विक्रीकर आणणार नाही अशी शपथ घ्यायची जुनी रीत आहे. विरोधी पक्षातलेसुद्धा कित्येक जण घेतात. काकांनीही घेतलीय.

"मग पैसा येणार कुठून?" मी विचारलं. "खर्च कमी करून," म्हणाले. हे उत्तर मला पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. वर, 2021 पासून खासगी शाळेत किंवा घरी शिकणाऱ्या मुलांना राज्याच्या पैशातून मदत मिळते, आणि मागच्या वर्षी त्यावरची उत्पन्नाची अटच काढून टाकली. म्हणजे ज्याला गरज नाही त्यालाही द्यायचं, आणि सरकारी शाळेला काटकसर शिकवायची! बाबा, जिल्हा परिषदेच्या गळक्या वर्गात बत्तीस वर्षं काढलेल्या मास्तरची मुलगी यावर गप्प कशी बसेल? माझा आवाज चढला असावा. धाकटा खोलीतून बाहेर येऊन बघून गेला.

मग मी क्रॉयडनचं काढलं. तुम्हालाही सांगते, कारण ही गोष्ट तुम्हाला आवडेल. आठेकशे वस्तीचं गाव. इथं गावाचं आणि शाळेचं अंदाजपत्रक गावकरी स्वतः सभेत हात वर करून मंजूर करतात. आपली ग्रामसभा, पण खरोखर भरणारी. मार्च 2022 मध्ये बर्फ पडत होता, सभेला मोजकीच माणसं. एकानं उठून सुचवलं की शाळेचं 17 लाख डॉलरचं अंदाजपत्रक 8 लाखांवर आणा. मतं पडली 20 विरुद्ध 14, झालं मंजूर! घरी बसलेल्या गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मग सह्या गोळा झाल्या, मे महिन्यात खास सभा बोलावली, आणि निकाल 377 विरुद्ध 2. शाळेचे पैसे परत.

मला वाटलं काका त्या वीस जणांची बाजू घेतील. ते थालीपीठाचा तुकडा तसाच धरून म्हणाले, "ते माझ्या पक्षात शिरतात, पण माझ्यातले नव्हेत. उभं घर पाडणारा कसला परंपरा राखणारा?" इथं 2003 पासून एक चळवळ आहे, सरकार जवळजवळ नकोच म्हणणाऱ्या वीस हजार लोकांनी या एका राज्यात येऊन राहायचं, अशी. काकांचा राग त्यांच्यावर. सप्टेंबरात पक्षांतर्गत फेरी आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ते मतदारच ठरवतात, तिथं त्यांना खरी भीती तसल्याच एका तरण्या उमेदवाराची वाटते.

आता आई, हे तुझ्यासाठी. मार्चमध्ये गावच्या निवडणुकीला मी पहिल्यांदा नाव नोंदवायला गेले. नवीन कायदा असा की पहिल्यांदा नोंदणी करताना नागरिकत्वाचा कागद दाखवायचा. काकांच्याच पक्षानं केलेला कायदा. मी आपली फाईल घेऊन गेले, तुझ्या शिकवणीप्रमाणे मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. पाच मिनिटांत काम झालं. माझ्यामागे ओळखीची एक बाई होती, ओहायो राज्यात जन्मलेली, सात पिढ्या अमेरिकेतल्याच. तिच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव, लायसनवर सासरचं. लग्नाचा दाखला आणा म्हणाले. ती लाल होऊन घरी गेली, खोकी उपसली आणि संध्याकाळी परत आली. आपल्याला सवयच आहे गं. लग्नानंतर बँक, रेशन कार्ड, मतदार यादी, तू किती वर्षं 'उर्फ' लिहीत होतीस! त्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

काकांना हे सांगितलं. "कायदा बरोबर आहे," म्हणाले. थोडा वेळ थांबून, "पण माझ्या बायकोचा दाखला कुठं आहे ते मला माहीत नाही." क्लिपबोर्डच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं. खरंच लिहिलं की मला बरं वाटावं म्हणून पेन हलवलं, देव जाणे.

निघताना फलक अंगणात लावू का विचारलं. मी सांगितलं, माझे वडील शिक्षक होते, इलेक्शन ड्युटीला पेट्या सांभाळायचे, आमच्या दारावर कधी कुठला झेंडा लागला नाही. तुम्ही लाख वितळवून पेटीला सील लावायचा आणि बोटं पोळून घ्यायचा, तेही सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. फलक परत काखेत मारला. इथं बोटाला शाई लावत नाहीत बाबा. छापील कागदावर नावापुढचा गोल काळा करून मशीनमध्ये सारायचा, आणि लहान गावांत अजून हातानं मोजतात. शिवाय आमच्या भागात जागा एकाहून जास्त, म्हणून एकाच मतपत्रिकेवर तितक्या नावांना खूण करता येते, हव्या त्या पक्षाच्या.

तेव्हा काकांपुढचा गोल काळा करणार का, हे तुम्ही विचारणारच. बाबा, चाळीस वर्षांत आईनं तुम्हाला एकदा तरी सांगितलंय का?

आईनं गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यावी. फोटो पाठवते, थालीपीठाचा नाही, बुटांचा.

तुमची,
धाकटी