बाळ्या, तुझं उत्तर मी दुसऱ्यालाच देऊन बसलो

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

गेल्या दिवाळीत तुझा फोन आला, मी "रविवारी करतो" म्हणालो आणि तो रविवार काही उगवला नाही. राग आला असेल तर राहू दे, पत्र वाचून झाल्यावर काढ. आम्ही बरे आहोत. माझी शुगर आटोक्यात, तुझ्या वहिनीची पाठ अधूनमधून. झालं.

लिहायला बसलो ते एका पोरामुळे. इथे कुणाला सांगितलं तर "कोण कुठला मुलगा, त्याचं काय एवढं" म्हणतील. तू म्हणणार नाहीस.

बेसबॉलचं माझं वेड तुला कधी पटलं नाही. आमच्या गावात चर्च स्ट्रीट पार्कवर २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले आणि मी मात्र गाडी काढून झेब्युलनला "फेकाफेकी" बघायला गेलो, म्हणून तू ज्या शिव्या घातल्यास त्या सगळ्या लक्षात आहेत. डरहॅमला का जात नाहीस, असंही विचारलं होतंस. डरहॅमची टीम ट्रिपल-ए, तिथून वर एकच पायरी, बेसबॉलची मेजर लीग. छान स्टेडियम, हजारोंची गर्दी. पण मला आवडते ती खालची पायरी, सिंगल-ए. झेब्युलनच्या मडकॅट्सच्या मॅचला कुंपणाशी उभं राहिलं की खेळाडूचा श्वास ऐकू येतो. जॅक्सन चौरिओला मी तिथेच पाहिलं, २०२२ मध्ये, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी डिसेंबरात, मेजर लीगमधला एकही सामना खेळण्याआधी, त्याचा आठ वर्षांचा करार झाला, ८.२ कोटी डॉलरचा. आणि त्याच ड्रेसिंग रूममधल्या बाकीच्यांना तेव्हा वर्षाला किमान मिळायचे ११,००० डॉलर! युनियन झाली आणि २०२३ पासून ते २६,२०० झाले, तरी कित्येक जण हिवाळ्यात दुसरं काहीतरी काम धरतात.

तर यंदा जूनमध्ये एक पाहुणी टीम आली होती. हल्ली मंगळवार ते रविवार सलग सहा सामने एकाच टीमशी असतात, म्हणजे तीच पोरं आठवडाभर दिसतात. पहिल्या दिवशी मॅचच्या आधी एक डावखुरा पिचर कुंपणाजवळ हात मोकळा करत होता. बाळ्या, चेंडू टाकण्याआधी त्यानं मनगट दोनदा झटकलं. खाली, हलकेच, पाणी झाडावं तसं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी हाक मारली. तो आला, टोपी काढून बोलला. कॅन्ससचा, शेतकऱ्याचा मुलगा, वय २३. सिंगल-एमध्ये तेविशी म्हणजे म्हातारपण. कॉलेजात असताना कोपराचं ऑपरेशन झालेलं, ते टॉमी जॉन म्हणतात ते, त्यात चौदा महिने गेले. गुरुवारी मी गाडीतला जुना क्रिकेटचा बॉल नेला. त्यानं शिवणीवर बोटं ठेवली आणि विचारलं, "आणि हा जमिनीवर आपटायचा? मुद्दाम?" तुझे अण्णा असते तर पोट धरून हसले असते. बदल्यात त्यानं मला त्याचा चेंडू दिला. त्याला १०८ दुहेरी टाके असतात, अगदी जपमाळेचे मणी. वहिनीनं शुक्रवारी बेसनाचे लाडू दिले, ते त्यानं बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर हात मोकळे करतात तिथे, सगळ्यांना वाटले.

रोज थोडं थोडं बोलणं व्हायचं आणि रोज तो तेच गणित मांडायचा. जुलैत ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, वीस फेऱ्या. मेजर लीगच्या प्रत्येक क्लबला खालच्या पायऱ्यांवरच्या इथल्या सगळ्या टीम मिळून १६५ च खेळाडू ठेवता येतात. नवे आले की जुने गेले. आपण क्रिकेटच्या कॅम्पमध्ये बोटांवर मोजायचो ना, डावखुरे किती, त्यातले फास्ट किती, पक्याचा मामा ओळखीचा म्हणून एक जागा गेली, तसंच. सकाळी क्लबहाऊसमध्ये मॅनेजरनं नुसती नावानं हाक मारली तरी पोटात गोळा येतो, म्हणाला.

तुझ्याबद्दल मी त्याला सांगितलं होतं. सांगायला नको होतं का? रविवारी मॅच संपली, त्यांची बस सुरू होऊन उभी होती आणि तो कुंपणाशी आला. "तुमच्या मित्राचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, त्यानं खेळ सोडला. "कुणी सांगितलं सोडायला?" मी म्हटलं, मी.

मग त्यानं विचारलं, मी सोडू का? आणि मी एक क्षणही न थांबता म्हणालो, "मुळीच नाही. त्यांना काढायचं तर काढू देत, तू आपणहून निघू नकोस."

जुलैच्या शेवटी खेळाडूंच्या बदल्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे एकच शब्द आला, रिलीज. मी मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. घरी पोचलोय, बाबांना शेतात मदत करतोय. आणि मग असं, की त्याच्या जुन्या शाळेनं जूनमध्येच कोच म्हणून विचारलं होतं, त्यानं नाही म्हणून कळवलं, ती जागा आता भरली. पुढे लिहिलंय, "तुमच्यामुळे नाही."

माझ्यामुळेच की रे.

आझाद मैदानाबाहेर, १९९५, निवडीची ती तिसरी यादी. मी म्हणालो होतो, "बाळ्या, बस झालं. आता अण्णांचं ऐक, दुकानात बस." तू अर्धा वडापाव गाडीवर ठेवून निघून गेलास आणि आठ महिने बोलला नाहीस. पुन्हा बोलायला लागलास ते थेट माझ्या बहिणीच्या लग्नात, तेही "जिलबी संपली का" एवढंच. त्यानंतर तीस वर्षं आपण हा विषय काढला नाही. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल क्लबनं रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला घेतलं, तेव्हा तू रात्री दोनला फोन करून ओरडलास, "यूपीतली भालाफेकी पोरं घेतली, रिंकू तर डावखुरा आहे लेका!" मी हसलो होतो. तू हसत नव्हतास, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. दिनेश लवकरच परत आला. रिंकू २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सिंगल-एपर्यंत पोचला. याच पायरीवर.

मला झोप लागत नाही ती यासाठी. त्या पोरानं विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे बघून उत्तर दिलं, की तुझ्याकडे? त्याचा कोपर, त्याचं वय, त्याच्या घरची परिस्थिती, यातलं काही मी विचारात घेतलं नाही. तुला जे म्हणायला हवं होतं ते त्याला म्हणून मोकळा झालो. आणि तुला तरी तेच म्हणायला हवं होतं का, हेही मला माहीत नाही. दुकान तू उत्तम चालवलंस. पण पावसात कांगा लीगचे सामने सुरू झाले की तू मैदानाच्या बाजूनं जात नाहीस, हे पक्या मला सांगतो.

चिनूचं बारावीचं कळलं, शाबास म्हणावं. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार. पक्याला मात्र नमस्कार नको, त्यानं माझी बॅट अजून दिलेली नाही.

झेब्युलनचाही हा शेवटचा सीझन होता. १९९१ पासूनची टीम पुढच्या वर्षी विल्सनला जाणार, नावही बदलणार, वॉरबर्ड्स. मी एकटाच गेलो होतो, त्याच कुंपणाशी उभा राहिलो.

भाचा दिवाळीला दादरला येतोय, त्याच्याबरोबर तो चेंडू पाठवतो. तुझ्या हातात असावा असं वाटतं. आणि मला उत्तर लिही. त्या दिवशी गाडीवर मी काय म्हणायला हवं होतं, ते लिही. फोन करू नकोस, फोनवर तू "सोड रे" म्हणशील.

तुझा,
नंदू

ता. क. मनगट तू दोनदाच झटकायचास ना? मी त्याला तसं सांगून बसलोय.