फेरी बंद असेल तर निदान एसटी स्टँडवर कळू द्या

मा. बंदरे विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे पाठीवर सॅक घेऊन कोकण किनाऱ्याने चालत निघालो होतो. या वाटेला दर दोन दिवसांनी एक खाडी आडवी येते. सावित्रीवर बागमांडला–वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीवर जयगड–तवसाळ. सगळीकडे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. तिकीट किरकोळ, पंधरा मिनिटांत पलीकडे. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा घालावा लागतो, यावरून या पंधरा मिनिटांची किंमत कळेल.

आमचं घोडं एका खाडीवर अडलं. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. तक्रार त्या एका धक्क्याची नाही. अकराला पोचलो तर तिकीटखिडकीवर पुठ्ठा टांगलेला: ‘फेरी बंद आहे.’ तारीख नाही, कारण नाही. पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले होते, म्हणजे तो बरेचदा लागत असावा. पलीकडचं घर, जिथे आम्ही रात्रीचे अडीच हजार आगाऊ भरले होते, त्याची कौलं इथून दिसत होती.

मग हिशेब सुरू झाला. रिक्षावाला वळशाचे तीन हजार म्हणाला. एसटीने माणशी दोन-अडीचशेत भागत होतं, पण दोनदा गाडी बदलून पोचायला रात्रीचे नऊ. थांबावं तर किती? दुरुस्तीवाला माणूस संध्याकाळी येईल असं एकजण म्हणाला, परवा येईल असं दुसरा.

धक्क्यावर जाळं विणत एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, “आज तिथ काय?” चतुर्थी, म्हटलं. “मग तीनला भरती. तेव्हा होडी घालतो.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांच्याकडून शिकलो. होडीत लाइफ जॅकेट एकही नव्हतं. मन झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण सॅकसकट तिघं त्या होडीत, हे काही पटेना. एसटी धरली. अडीच हजार गेले आणि दुसऱ्या दिवशीची चालही गेली, कारण नऊला पोचलेला माणूस पहाटे पाचला उठत नाही.

आमची सुट्टी बुडाली, ठीक आहे. आमच्या शेजारी एक मावशी म्हावऱ्याची पाटी घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या बाजाराला निघालेल्या. पाटीखालून बर्फाचं पाणी गळत होतं आणि त्या दर थोड्या वेळाने पाटी सावलीत सरकवत होत्या. वळशाचं भाडं त्यांच्या अख्ख्या पाटीतून निघालं नसतं. त्या परत फिरल्या.

मंत्रिमहोदय, बोट नादुरुस्त होते, बंदराला वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागतो, मुखाशी गाळ साचतो. फेरी कधीच बंद पडू नये असं आम्ही म्हणत नाही. पण बंद असल्याचं धक्क्यावर पोचल्यावरच का कळावं? पैसे आणि वेळ वाचवायचा निर्णय तालुक्याच्या स्टँडवर होतो, तिथे सकाळी सातला एक ओळ लावायला काय लागतं? ‘अमुक फेरी आज बंद, कारण हे, उद्या आठला पुन्हा सांगू.’ नक्की माहीत नसेल तर तसंच लिहा. त्यावरही माणूस ठरवू शकतो. ओहोटीमुळे फेरी थांबणार असेल तर ती वेळ वर्षभर आधी छापता येते. आजोबा तर बोटांवर काढतात.

आणि बंद एका दिवसापेक्षा लांबला तर परिवहन खात्याशी बोलून वळशाची एक जादा गाडी सोडा, सकाळची, पाटी घेऊन चढता येईल अशी. पूल होणार आहेत, ठाऊक आहे. ते होईपर्यंत निदान हा पुठ्ठा तरी सुधारता येईल.

येत्या डिसेंबरात आम्ही राहिलेला टप्पा पुरा करायला त्याच खाडीवर येतोय. या वेळी आगाऊ पैसे भरलेले नाहीत.

आपला,
किनाऱ्याने पायी हिंडणारा एक पुणेकर