बाबांची लॅन्सर पुन्हा घाट चढली

बाबांची २००१ ची मित्सुबिशी लॅन्सर परवा यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आली. पुढच्या दोन्ही शॉकअपमधलं तेल गळून गेलं होतं आणि साताऱ्यात काही मिळेना, म्हणून परदेशातून कायाबा या जपानी कंपनीचे शॉकअप मागवले.

पैसे भरायच्या आधी ज्या दादांनी चासी नंबर मागून घेतला, त्यांचे उपकार मोठे. लॅन्सर या एकाच नावाने कितीतरी पिढ्या आल्या. मी निवडलेला जोड पुढच्या पिढीचा होता, बसलाच नसता. कस्टम ड्यूटी वस्तूच्या किमतीवरच नाही, पार्सल आणायचं भाडं धरून लागते, हेही त्यांनीच सांगितलं.

केवायसीसाठी पार्सल अडकलं तेव्हा रात्री फोनवर बसून फॉर्म भरून घेणाऱ्या ताई, तुमचेही आभार.

आणि गोडोलीचे मिस्त्रीमामा! लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश त्यांनी गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. घाई असूनही त्यांनी ते टाळलं नाही.

घाटातल्या खड्ड्यातून गाडी अलगद गेली, तेव्हा शेजारी बसलेल्या बाबांनी डॅशबोर्डवर हळूच हात ठेवला. तुम्हा तिघांना हे कळायलाच हवं होतं.